चौथी काचपट्टी

१

"साहेब, चौथी पट्टी नाही."

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. एक बूट माझ्या पायात होता, एक हातात. फोनवर आमचा तरुण इंजिनियर होता आणि त्याला धाप लागली होती.

"नाही म्हणजे? फुटली?"

"फुटली असती तर फुटली म्हणालो असतो, साहेब. गायब आहे. पाच आहेत, चौथीची जागा मोकळी. काल संध्याकाळी मी स्वतः सहाच्या सहा मोजल्या होत्या."

मी दुसरा बूट चढवला.

जुन्या शाळांच्या इमारती दुरुस्त करायला सरकारी निधी मिळतो, त्याच्या फायली माझ्या टेबलावरून पुढे जातात. ही शाळा साठ वर्षांची. पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा. आता तडा गेला म्हणजे भिंत पडेलच असं नाही. काही तडे एकदा पडतात आणि जन्मभर तेवढेच राहतात. तडा वाढतोय की थांबलाय हे कळावं म्हणून त्याच्यावर बोटभर रुंदीची पातळ काच आडवी बसवतात आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरच्या टिकलीनं भिंतीला चिकटवतात. भिंत केसभर सरकली की काच तडकते. अशा सहा पट्ट्या इथं वर्षभर होत्या आणि दर महिन्याच्या अहवालात एकच वाक्य होतं: सर्व पट्ट्या शाबूत.

वर्षभर शाबूत राहिल्या तर दुरुस्तीचा निधी. एक जरी तडकली तरी कलम नऊ. म्हणजे दुरुस्ती नाही, इमारत रिकामी करायची आणि मुलांचं जवळच्या शाळेत समायोजन. जवळची शाळा सात किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. इथं दोनशे बारा मुलं होती. समितीची बैठक दुसऱ्या दिवशी होती आणि शेवटची पाहणी आज.

तडकलेल्या पट्टीसाठी नियम होता, शाबूत पट्टीसाठी होता. गायब पट्टीसाठी नव्हता. त्यामुळे माझं डोकं चालेना. पाहणीला बाहेरचा जाणकार म्हणून आमच्या यादीत माझ्या मावशीचं नाव होतं. इमारत खात्यात तिनं तीस वर्षं ओव्हरसीयर म्हणून काढली. तिला यादीत घेऊ नका, नातं आहे, असं मी लेखी कळवलं होतं. माझं कोण ऐकतो?

गाडीत बसल्यावर तिनं सगळं ऐकून घेतलं, पिशवीतली बॅटरी लावून विझवून पाहिली आणि म्हणाली, "चोर काचेसाठी आला असेल तर मूर्ख आहे. मला वाटतं तो भिंतीसाठी आलाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे गाडी चालव, फायलीबहाद्दर."

२

तडा मुख्याध्यापिकांच्या खोलीत होता. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. बारीक चणीच्या, केस घट्ट मागे बांधलेले, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्यांची खुर्ची तड्यापासून हातभर अंतरावर होती. पाठीमागे फळा, आणि भिंतीवर माझ्या गुडघ्याच्या उंचीला ओळीनं खुंट्या.

"या खोलीला कुलूप होतं?" मी विचारलं.

"होतं. सकाळी शिपाईकाकांनी उघडली. मी आले तर इंजिनियर डोक्याला हात लावून उभे." बाईंचा आवाज शांत होता, पण हातातल्या पेनचं टोपण त्या सारखं काढत होत्या, लावत होत्या. "आज पाहणी होईल ना? एका काचेसाठी दोनशे मुलांचं नुकसान नका करू हो."

मावशी सरळ भिंतीकडे गेली. भिंतीला खाली-वर सगळीकडे फिका पिवळा रंग होता. चौथ्या पट्टीच्या जागी दोन ठिकाणी हिरवा, बांगडीएवढा गोल उघडा पडला होता.

"हा हिरवा जुना रंग," इंजिनियर म्हणाला. "पट्ट्या लावल्या तेव्हा भिंत हिरवी होती. पाच महिन्यांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत शिपाईकाकांनी ही पिवळी केली. पट्ट्यांना हात लावायचा नाही, टिकलीच्या कडेनं रंगवा, असं मी बजावून सांगितलं होतं. टिकलीखाली जुना रंग राहणारच."

"बरोबर. आणि हे काय?"

मावशीनं बॅटरी तिरपी धरली. हिरव्या गोलाला खेटून, पिवळ्या रंगावर, आणखी एक पांढरट ठसा होता. नखाच्या कोरीएवढा जाड, अर्धवट गोल. दोन्ही हिरव्या गोलांना तो होता.

मी म्हटलं, "प्लास्टर सांडलं असेल."

"एकाच आकाराचं? दोन्हीकडे?" मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी गणितात नापास झालो तेव्हाची आठवण झाली. "पिवळा रंग पाच महिन्यांपूर्वीचा. पट्टी एक वर्षाची. मग वर्षापूर्वीचं प्लास्टर पाच महिन्यांपूर्वीच्या रंगावर बसलं कसं?"

 बाईंच्या हातातलं टोपण खाली पडलं.

३

इंजिनियरला मावशीनं व्हरांड्यात गाठलं. तो बिचारा पंचविशीतला, खांदे पाडून उभा.

"काचेवर तारीख कोण घालतं?"

"मीच. पक्क्या शाईनं तारीख आणि सही. बदलली तर लगेच कळावं म्हणून."

"मग पट्टी बदलली आणि तुला कळलं नाही, म्हणजे नव्या पट्टीवरही तुझीच सही होती. ती कशी?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. "मॅडम, माझ्याकडे एकतीस शाळा आहेत. मुलांचा चेंडू लागून पट्टी फुटली तर तेवढ्यासाठी यायचं कसं? म्हणून मी सहा जास्तीच्या पट्ट्या सही करून, पहिलीच तारीख घालून इथं ठेवल्या होत्या. फुटली तर लावा आणि मला फोन करा, असं सांगून. आमच्या ऑफिसात सगळेच असं करतात."

"आणि फोन आला?"

"एकदाही नाही."

 सही केलेली कोरी साक्ष! आणि ती कपाटात वाट बघत पडलेली. वर दर महिन्याला हा येऊन काच तेवढी बघायचा, शाबूत लिहायचा आणि पुढच्या शाळेला पळायचा.

पट्ट्यांचा खोका प्रयोगशाळेच्या कपाटात होता. काचेची वस्तू म्हणून तो काचेच्या वस्तूंत गेला होता. विज्ञानाच्या सरांनी वही उघडली. त्यात परीक्षानळ्या, चंचुपात्रं आणि सगळ्यात खाली 'काचपट्टी, नग सहा' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. खोक्यात तीन होत्या.

"मी घेतल्या नाहीत," सर लगेच म्हणाले.

"तुम्ही घेतल्या असं कोण म्हणालं?" मावशी म्हणाली. "किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे एक, मोठ्या बाईंकडे एक, काकांच्या जुडग्यात एक." सर थोडे मोकळे झाले. "हे बघा, खरं सांगतो. ही शाळा बंद झाली तर माझी बदली रस्त्यापलीकडच्या शाळेत होईल. माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. मी सतरा वर्षं दोन बस बदलून इथं येतोय. उद्या तुम्ही टाळं ठोकलंत तर मी रडेन, पण घरी जाऊन पाय पसरून रडेन. आणि तुम्हाला वैताग सांगायचा तर सहामाहीचा सांगतो. परीक्षा दोन दिवसांवर आली होती, आणि बाईंनी आख्खी खोली हलवायला लावली! बालवर्ग त्यांच्या ऑफिसात आणि ऑफिस बालवर्गात. बाकं, कपाटं, फायली, सगळं आम्ही उचललं. माझी कंबर आठवडाभर धरली होती."

"का हलवली?"

"म्हणे, लहान मुलांना उजेड कमी पडतो."

मावशी जागच्या जागी थांबली. "बालवर्ग दाखवा," ती म्हणाली.

४

बालवर्गात शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या नावांची लाकडी पाटी अजून भिंतीवर होती आणि तिच्याखाली तीस पोरं मातीचे गोळे वळत होती. दुपारचे बारा वाजत आले होते. खिडकीबाहेरच्या झाडानं सगळा प्रकाश अडवला होता आणि छताला दोन्ही दिवे लावलेले होते.

तिथून आम्ही भिंतीच्या बाहेरच्या बाजूला गेलो. तडा बाहेरूनही दिसत होता. भिंतीला लागून दहा फुटांचा पट्टा खणून तिथं काटेरी झुडपं लावली होती आणि कडेला दोरी बांधली होती. मैदान मोकळं पडलं होतं, पण या बाजूला एका पोराच्याही पायाचा ठसा नव्हता.

पायरीवर बसून मी मावशीला माझा निष्कर्ष ऐकवला. मला तो बरा वाटत होता.

"इंजिनियरनं केलं. महिन्याला न येता अहवाल लिहीत असेल, पट्ट्या फुटलेल्या दिसल्या तेव्हा घाबरून बदलल्या."

"त्याच्या पिशवीत पट्ट्यांचं अख्खं बंडल असतं. तो शाळेच्या खोक्यातल्या मोजून ठेवलेल्या तीन कशाला घेईल?"

"मग सर."

"सरांना शाळा बंद झालेली हवीय. पट्टी फुटली तर ते पेढे वाटायच्या बेतात असतील, लपवतील कशाला? आणि चोरी करणारा माणूस 'नग सहा' असं आधी लिहून ठेवत नाही."

"काका?"

"काका रोजंदारीवर आहेत. शाळा गेली की पहिली त्यांची रोजी जाणार, म्हणजे कारण आहे. पण भिंत त्यांनीच रंगवलीय. तू बाकीच्या पाच पट्ट्या नीट पाहिल्यास?"

"सगळ्या शाबूत आहेत."

"तू काच पाहिलीस. तो पोरगाही वर्षभर काचच बघत बसला. टिकल्या बघ. एक, तीन आणि सहा नंबरच्या टिकल्यांना कडेनं पिवळा रंग लागलाय. कितीही जपून रंगवलं तरी ब्रश लागतोच. दोन आणि पाचच्या टिकल्या पांढऱ्याफटक. म्हणजे त्या रंगकामानंतर लागल्या. ज्यानं स्वतः ब्रश फिरवलाय त्याला हे कळलं असतं आणि त्यानं टिकलीच्या कडेला पिवळं बोट फिरवलं असतं. ज्यानं पट्ट्या बदलल्या त्यानं आयुष्यात भिंत रंगवलेली नाही."

उरलं एकच नाव, आणि मी ते मुद्दाम सोडून दिलं होतं.

"बाई असूच शकत नाहीत," मी म्हटलं. "अगं, त्यांची खुर्ची तड्याला लागून आहे! भिंत हलतेय हे माहीत असलेला माणूस तिच्याखाली टेबल मांडेल का?"

मावशी त्या काटेरी झुडपांकडे बघत होती. "मीही तेच विचारतेय," ती म्हणाली. "परीक्षा दोन दिवसांवर असताना उजेडाच्या खोलीतून मुलं काढून अंधाराच्या खोलीत का बसवली? उजेडासाठी? आणि कुणीच जाऊ नये अशी बाग का केली? त्या खोलीत कुणीतरी बसायलाच हवं होतं, नाहीतर रिकामी का म्हणून विचारलं असतं. तिनं स्वतःला बसवलं."

 मावशी उठली, साडीची धूळ झटकली आणि जाता जाता म्हणाली, "कलम नऊ कुणी लिहिलंय, ते सांगितलंस का तिला?"

५

सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

कलम नऊ मी लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीआधी, दहा मिनिटांत. पडणाऱ्या इमारतीवर दुरुस्तीचा पैसा वाया जाऊ नये एवढाच हेतू होता. त्यात चूक काय होती? साहेबांनी शाबासकी दिली होती. 'समायोजन' हा शब्दही माझाच. तो लिहिताना मला सात किलोमीटर दिसले नव्हते, मोठा रस्ता दिसला नव्हता, एकही मूल दिसलं नव्हतं. आता पायरीवर बसून मला स्वतःची लाज वाटली.

पण कोडं अजून पुरतं सुटलं नव्हतं. बाईंनी पट्ट्या बदलल्या हे खरं, पण मग चौथी काढली कुणी? आज सहाच्या सहा शाबूत दिसल्या असत्या, पाहणी झाली असती, उद्या निधी मंजूर झाला असता. बाई आपल्या हातानं ते का मोडतील?

मावशीनं काकांना त्यांच्या कोठीत गाठलं. काका बुटके, पांढऱ्या मिशांचे. ते स्टुलावर बसून झाडूची काडी बांधत होते आणि आम्हाला बघून उठले नाहीत, जणू आमची वाटच बघत होते.

"काका, चौथी पट्टी द्या," मावशी म्हणाली.

"माझ्याकडे कशी असंल?"

"लपवणाऱ्यानं त्या जागेवर रंगाचं बोट फिरवलं असतं. इथं भिंत खरवडायच्या पत्र्यानं टिकली अलगद काढलीय आणि ओल्या फडक्यानं भिंत पुसलीय, दोन्ही ठसे स्वच्छ दिसावेत म्हणून. मला दिसावं म्हणूनच कुणीतरी ते केलंय. आणि टिकल्यांचा फरक रंगाऱ्याशिवाय कुणाला कळणार?"

काकांनी काडी बाजूला ठेवली. खिशातून रुमालात बांधलेली पट्टी काढली. मग उठून फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन पुड्या काढल्या आणि एकेक करून मावशीच्या हातात दिल्या.

"बाईंच्या केराच्या टोपलीत मिळाल्या. फुटकी काच केरात तशीच टाकली की हात कापतो, म्हणून मी ती त्या दिवसाच्या पेपरात गुंडाळून ठेवतो. महिन्यातून एकदा भंगारवाल्याला देतो. या दिल्या नाहीत. सही दिसली वर."

मावशीनं काच पाहिलीच नाही. तिनं पुड्या उलगडल्या आणि पेपरांच्या तारखा वाचल्या. पहिला चार महिन्यांपूर्वीचा, सहामाहीच्या आठवड्यातला. दुसरा सहा आठवड्यांपूर्वीचा. तिसरा अकरा दिवसांपूर्वीचा.

तिचा चेहरा उतरला. तीस वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली.

"आधी अडीच महिने लागले. मग एकच महिना," ती म्हणाली. "ती भिंत नुसती हलत नाहीये. घाई करतेय."

६

बाई टेबलाशी बसून हजेरीपट तपासत होत्या. मावशीनं तीन पुड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या उघडल्या नाहीत. नाकारलंही नाही.

"पहिली तडकली ती सोमवारी सकाळी," त्या म्हणाल्या. "फोन हातात घेतला होता मी. इंजिनियरचा नंबरही काढला होता. मग मला माझी आधीची शाळा आठवली. तिचंही असंच समायोजन झालं. तिथं एक्केचाळीस मुली होत्या. नव्या शाळेत एकोणीस पोचल्या. बाकीच्यांच्या घरी मी गेले, ताई, एकेका घरी. कुणी म्हणालं रस्ता ओलांडायला भीती वाटते, कुणी म्हणालं धाकट्याला कोण सांभाळेल. त्यातली एक आता बाजारात कांदे निवडते. मला बघून तोंड फिरवते."

"म्हणून काच बदललीत."

"म्हणून बदलली. म्हटलं, एवढं वर्ष निघू दे. निधी आला की पहिली हीच भिंत उतरवू, नवी बांधू. मुलं हलवली, बाहेर काटे लावले. मुलांना धक्का लागू दिला नसता मी."

"छत एकच आहे, बाई," मावशी हळू म्हणाली. "ही भिंत बसली तर तुळई ओढली जाईल. पलीकडच्या बालवर्गाचा कोपरा तिच्यावरच आहे. ते तुम्हाला माहीत नव्हतं."

बाईंनी वर पाहिलं, छताकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला.  त्या क्षणी मला त्यांचा राग यायला हवा होता, तीस पोरांच्या जिवाशी खेळ झाला होता. राग आला नाही, नुसती भीती वाटली.

"चौथी पट्टी कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

दारात काका उभे होते. "मी, बाई."

"काका, तुम्ही? शाळा गेली तर तुमचं काय होईल, ठाऊक आहे ना?"

"आहे की." काकांनी टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही उठतच नव्हता हो तिथून. मुलं हलवली, तुम्ही बसून राहिला. रोज सकाळी दार उघडताना छातीत धस्स व्हायचं. तुमच्याविरुद्ध तोंड उघडायला जीभ रेटेना, म्हणून मग पट्टी काढली. बघणारा शहाणा असला तर बघंल, म्हटलं."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला.  मग त्या एकदम ताठ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. आवाज आता वर्गात असतो तसा होता.

"साहेब, माझं काय करायचं ते करा. निलंबित करा, चौकशी लावा. पण एक सांगा. भिंत हलते म्हणून दुरुस्ती नाही, हे कलम कुणी लिहिलं हो? जी शाळा सगळ्यात आजारी तिलाच औषध नाही, असं कुणाच्या डोक्यात आलं?"

मावशी खिडकीबाहेर बघत होती. तिनं मला वाचवलं नाही.

"मी लिहिलं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तोंडसुख घेतील. पण त्या फक्त बघत राहिल्या, मान थोडी कलती करून, मूल गणितात कुठे चुकलं ते शोधत असल्यासारख्या.

"मग तुम्हालाच बदलता येईल," त्या म्हणाल्या.

"एका दिवसात नाही येत, बाई. समिती आहे, वरचं खातं आहे..."

"मी कुठं म्हटलं एका दिवसात?" त्या उठल्या. चार महिन्यांनंतर त्या खुर्चीवरून त्या कायमच्या उठत होत्या. त्यांनी टेबलावरचा हजेरीपट तेवढा घेतला. "काका, घंटा द्या. सगळे वर्ग मैदानावर. दप्तरं घेऊन. धावायचं नाही, रांगेत."

घंटा झाली. दोनशे बारा मुलं पाच मिनिटांत मैदानात आली. अवेळी सुटल्याचा आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. काहींनी लगेच पळापळी सुरू केली, सर त्यांच्या मागे धावले. इंजिनियर दोरी घेऊन इमारतीच्या चारी बाजूंनी फिरत होता आणि काका एकेक दार ओढून कडी लावत होते. माझ्या हातात पाहणीचा अहवाल होता. मी त्यावर लिहिलं: इमारत सरकत आहे, आजपासून वापर बंद. खाली सही केली. मग जागा उरली होती तिथं, नियमात बसत नसताना, लिहिलं की मुलांना याच मैदानावर तात्पुरते वर्ग मिळावेत, आणि कलम नऊ चुकीचं आहे, ते लिहिणारा मी आहे. हे वाचून उद्या माझे साहेब काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. समिती ते मान्य करेल की फाडून टाकेल, ते मात्र ठाऊक नव्हतं.

मावशीनं अहवाल वाचला, परत दिला आणि पहिल्यांदाच मला कुठल्याही टोपणनावानं हाक मारली नाही.

बालवर्गातली एक मुलगी बाईंच्या पदराला धरून उभी होती. हात अजून मातीनं माखलेले.

"बाई, उद्या शाळा आहे?"

बाईंनी खाली वाकून तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.  त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग सरांनी पाहिलं, काकांनी पाहिलं. मुलीनंही पाहिलं.

"आहे," मी म्हटलं.

कुठे, ते मला अजून माहीत नव्हतं.